वाचकांचे प्रश्न : काय मिळालं असतं तर हा जमाव घरी गेला असता?

मागच्या अंकात १८५७ च्या इंदूरवर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. पत्रं थोडी कापली आहेत. दोघांनी नाव छापू नका म्हटलं म्हणून मग कुणाचंच छापत नाहीये, फक्त गाव आणि मोहल्ला.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : सर, परवा टीव्हीवर परदेशातल्या कुठल्यातरी शहराच्या दंगलीची जुनी दृश्यं दाखवत होते, गाड्या जळताहेत, काचा फुटताहेत. अकरावीतला मुलगा म्हणाला बाबा ही तर क्रांती आहे. मी म्हणालो कसली क्रांती, गुंड आहेत सगळे. तर तो म्हणतो मग १८५७ ला आपल्या इथे रेसिडेन्सी लुटली ते पण गुंडच का? मी गप्प बसलो. खरा फरक काय आहे हो?

उत्तर : मुलाने बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय, कारण रेसिडेन्सी, म्हणजे इंदुरातलं कंपनीच्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं, खरंच लुटली गेली होती आणि आपण भाषणांमध्ये ते सांगत नाही. १ जुलै १८५७ ची सकाळ. होळकरांच्या ज्या तोफा रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी म्हणून आणून लावल्या होत्या त्याच तोफा रेसिडेन्सीवर चालल्या. पुढे होता सआदत खान, होळकरांच्याच फौजेतला. तिथला इंग्रज प्रतिनिधी कर्नल ड्युरँड बायकापोरांना घेऊन सीहोरच्या दिशेने निघून गेला आणि मग कोठी, बंगले, खजिना सगळ्यावर लोक तुटून पडले, त्यात शिपाई होते तसे बाजारातले लोकही होते. जे इंग्रज आणि युरेशियन लोक मागे राहिले, कारकून, तारखात्यातली माणसं, त्यांच्या बायका, लहान मुलं, त्यातले बरेच मारले गेले. त्याच रात्री जवळच्या महूच्या छावणीतले शिपाईही उठले. तीन दिवसांनी हे सगळे खजिना घेऊन बाहेर पडले आणि ग्वाल्हेर-आग्र्याच्या वाटेला लागले.

म्हणजे लूट झाली, निरपराध लोक मेले, जाळपोळ झाली. मग याला उठाव म्हणायचं आणि आजच्याला दंगल, ते कशाच्या जोरावर?

आधी शब्दाचंच बघा. इंदुरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची यात अजून एक अडचण आहे. शेजारचे हिंदीभाषक 'दंगल' म्हणतात तेव्हा त्यांना कुस्त्यांचा फड म्हणायचा असतो आणि आपल्याला दंगल म्हटलं की कर्फ्यू आठवतो. लहानपणी मल्हारगंजातल्या एका मित्राने "कल दंगल है, चलेगा?" विचारलं आणि मी घरी येऊन सांगितलं तर आजीने दाराला कडी लावून घेतली होती. त्याच १८५७ ला माळव्यातली म्हातारी माणसं गदर म्हणायची, इंग्रजांनी शिपायांचं बंड म्हटलं, आपण शाळेत उठाव शिकलो, पुढे स्वातंत्र्यसमर. पोलिसांच्या कागदात बलवा. घटना एकच, नावं पाच, आणि नाव नेहमी नंतर पडतं, ज्याच्या हातात लेखणी राहिली तो पाडतो. त्यामुळे नावावरून काही ठरवू नका असं माझं पहिलं म्हणणं.

माझ्यापुरता मी एक प्रश्न ठेवलाय आणि गेली पंचवीसेक वर्षं वर्गातही तोच विचारत आलो. समोर जो जमाव आहे त्याला नेमकं काय मिळालं असतं तर तो घरी गेला असता? बस. उत्तर एका वाक्यात देता आलं तर तो जमाव काहीतरी मागायला आलेला आहे. देताच आलं नाही तर मग मला भीती वाटते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच मराठी मुलखात आहे आणि त्याला नाव मात्र 'दख्खनचे दंगे' पडलंय. १२ मे १८७५, पुणे जिल्हा, भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून गेले. त्यांना हवी होती खतं म्हणजे कर्जाचे लिहून घेतलेले कागद, कर्जरोखे, वह्या. ती बाहेर काढून त्यांची होळी केली. काही ठिकाणी धान्य, कापड लुटलं, काही सावकारांची घरं पेटवली, हे खरंय, पण माणसं मारण्याचे प्रकार फारच थोडे. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद दिले त्याला बहुतेक ठिकाणी हातही लागला नाही. तीसच्या वर गावांत हे लोण गेलं, जवळजवळ हजार माणसं पकडली.

आणि हे एका दिवसात पेटलेलं नव्हतं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालली होती तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला, कुणब्यांनी उचल घेतली. युद्ध संपलं, भाव पडला, आणि नेमका त्याच काळात सरकारने नवा सारा बसवला तो ५० ते १०० टक्के जास्त. सावकारांनी नवं कर्ज बंद केलं आणि जुन्याचा तगादा लावला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चालायचा, कुळाचं भलं व्हावं म्हणून केलेला कायदा, तर सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला लागले, अंगठा घ्यायचा, काय लिहिलंय ते वाचून कोण दाखवतो. म्हणून राग त्या कागदावर होता. कागद जळला की माणूस घरी. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे दोन अक्षरांचं आहे, 'खत'. सरकारलाही ते कळलं, आयोग बसला आणि १८७९ ला शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा आला.

आता याच्या शेजारी १९८४ ठेवतो आणि इथे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी नववीत होतो, आम्ही खजुरी बाजारात राहायचो, राजवाड्याच्या अगदी जवळ. दिवाळी नुकतीच झाली होती, आकाशकंदील अजून लटकत होते. इंदिराजी गेल्याची बातमी ३१ ऑक्टोबरला आली आणि पुढच्या दिवसांत शिखांची घरं-दुकानं शोधून शोधून फोडायला सुरुवात झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सरदारजी काकांचं स्कूटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, बाबांची लॅम्ब्रेटा तेच बघायचे. ते दुकान फुटलं. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो आणि मला जे दिसलं ते आजपर्यंत गेलेलं नाही, आमच्याच तालमीत येणारा एक मुलगा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, टेबलफॅन छातीशी धरून चाललाय आणि फॅनची वायर मागे रस्त्यावर फरफटतेय आणि वायरीच्या टोकाला भिंतीतून उपटून आलेलं प्लगाचं लाकडी बोर्ड अडकलेलं आहे. तो पळत नव्हता, चालत होता. बाबांनी खिडकी उघडून विचारलं, "हा पंखा कोणाचा आहे रे?" त्याने वर बघितलं आणि चालत राहिला.

सरदारजी काका, काकू आणि त्यांची मुलगी दोन रात्री आमच्या माजघरात होते. काकूंनी आईला मदत म्हणून बसल्या बसल्या सगळे तांदूळ निवडून टाकले, डब्यातले सगळे, दहा किलो असतील.

त्याच दंगलीत राजवाडा जळला. सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. जुनं सागवान जळताना एक गोडसर वास येतो, तो आमच्या गच्चीवर होता, आणि ठिणग्या येऊन पडत होत्या म्हणून आईने आकाशकंदील काढून घेतला. पुढचा दर्शनी भाग वाचला, मागचा बराचसा गेला. हाच वाडा १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने शिंद्यांच्या बाजूने इंदूर लुटलं तेव्हाही जळला होता, पण ते युद्ध होतं, यशवंतराव होळकरांनी उज्जैन मारलं त्याचा सूड होता. १९८४ ला शत्रूची फौज आलेली नव्हती. बाहेर आपलेच लोक होते.

आता विचारा तोच प्रश्न. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने काय दिलं असतं म्हणजे जमाव घरी गेला असता? त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच. खत नव्हतं, भाव कमी करायचा नव्हता, राजीनामा द्यायचा नव्हता. तो जो होता तोच त्याचा गुन्हा होता. दिल्लीत तर मतदारयाद्या हातात घेऊन घरं शोधली गेली असं लोकांनी चौकशी आयोगापुढे सांगितलं, आणि तिथला सरकारी आकडाच २,७३३ मृतांचा आहे. ज्या जमावाला मागायचंच काही नाही त्याला पोलिसांशिवाय दुसरं कुणी थांबवू शकत नाही, आणि तेव्हा पोलीस कुठे होते हे त्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा.

मग १८५७ चं इंदूर यात कुठे बसतं? माझ्या मते दोन्हीकडे, आणि हे मुलाला लपवू नका. तोफा चालवणाऱ्यांना कंपनीचं राज्य इथून घालवायचं होतं, मंदसोरच्या तहानंतर, म्हणजे १८१८ पासून जी रेसिडेन्सी छातीवर बसली होती ती हटवायची होती. ही मागणी स्पष्ट आहे आणि त्यासाठी माणसं फासावर गेली, सआदत खानाला तर सतरा वर्षांनी पकडून १८७४ मध्ये इंदुरातच फाशी दिली. पण कारकुनाच्या पोरांना मारून कंपनी जात नव्हती. तिथे तोच जमाव दुसरा झाला, त्याच आवारात, काही तासांच्या आत. तेव्हा इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर बावीस वर्षांचे होते, त्यांच्या वाड्यात काही युरोपियन आणि ख्रिस्ती लोक आसऱ्याला आले होते, शिपायांनी ते मागितले आणि तुकोजीरावांनी दिले नाहीत. ड्युरँड पुढे आयुष्यभर त्यांच्यावर संशय घेत राहिला तरी ही गोष्ट घडली होती. मला तुकोजीरावांची ही बाजू सआदत खानाच्या शौर्याइतकीच महत्त्वाची वाटते.

मुलाला इतकंच सांगा की जुन्या काळचे सगळे उठाव आणि आजच्या सगळ्या दंगली अशी वाटणी करू नकोस, १७८० च्या लंडनमध्येही कॅथलिकांना सवलती दिल्या म्हणून जमाव कॅथलिकांची प्रार्थनाघरं आणि घरं जाळत सुटला होता, मग त्यांनीच न्यूगेटचा तुरुंग फोडला आणि बँक ऑफ इंग्लंडवर गेले. आता याला काय म्हणायचं ते त्याने ठरवावं.

प्रश्न (भंवरकुआं, इंदूर) : मी विद्यापीठात एम.ए. करते. आमच्या ग्रुपमध्ये असा वाद झाला की आधीचे लोक भाकरीसाठी उठायचे, आताचे बूट आणि मोबाईल उचलतात, म्हणून आताचं सगळं चंगळवादी आहे. लंडनच्या २०११ च्या दंगलीचं उदाहरण देतात. मला हे पटत नाही पण उत्तर देता आलं नाही.

उत्तर : तुला पटत नाही ते बरोबरच आहे, पण त्यांच्या म्हणण्यातही एक खरा धागा आहे, तो आधी घेऊ.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धान्य महागलं की बाजारात जमाव यायचा, १७६६ साली तर हे ठिकठिकाणी झालं. कित्येकदा लोक काय करायचे की गव्हाची पोती ताब्यात घ्यायची, आपल्याला रास्त वाटेल त्या भावाने तिथेच विकायची आणि आलेले पैसे व्यापाऱ्याला परत द्यायचे. पोतीसुद्धा परत दिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे हा जमाव चोर नव्हता, तो भाव ठरवायला आलेला होता, आणि आपला भाव न्यायाचा आहे यावर त्याचा विश्वास होता. हे वाचलं की मला नेहमी वाटतं की एवढं भान एखाद्या सभेतही नसतं.

पण भाकरीवाले सगळेच असे सोज्वळ होते असंही नाही. १४ जुलै १७८९ ला पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला ते आपण क्रांतीचा दिवस म्हणून शिकतो. लोक तिथे कैदी सोडवायला गेले नव्हते, आत सगळे मिळून सातच कैदी होते, लोक गेले होते बंदुकीच्या दारूसाठी. आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याच शहरात सेंट लझारच्या मठात घुसून धान्य काढलं, तळघरातली वाइन प्यायली, सामानाची मोडतोड केली, त्याच्याही आधी जकातनाके जाळले. १३ जुलैचे फोटो असते ना आणि १४ तारीख आलीच नसती तर आपण त्याला पॅरिसची लुटालूट म्हटलं असतं.

आता लंडन. ४ ऑगस्ट २०११ ला टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला. ६ तारखेला त्याचे घरचे आणि वस्तीतले लोक पोलीस ठाण्यासमोर शांतपणे उभे होते, तासन् तास, कुणी वरिष्ठाने बाहेर येऊन दोन शब्द बोलावेत एवढंच मागत होते. इथे माझा प्रश्न लावून बघ, तेव्हा जमाव घरी पाठवायला काय लागलं असतं? एक अधिकारी आणि एक खरं उत्तर. ते आलं नाही. रात्री गाड्या पेटल्या आणि मग चार-पाच दिवस शहराशहरांत जे झालं त्यात बूट, टीव्ही, मोबाईल सगळं गेलं, पाच माणसं मेली, तीन हजारांच्या वर अटक झाली. पहिल्या संध्याकाळी ठाण्यासमोर उभे असलेले आणि तिसऱ्या रात्री बर्मिंगहॅममध्ये काच फोडणारे, हे एकच लोक धरू नकोस. तुझ्या ग्रुपवाल्यांना फक्त दुसरे दिसताहेत कारण कॅमेरे दुसऱ्यांवर होते.

आणि कोर्टांनीही मग एकाच मापाने मोजलं. पाण्याच्या बाटल्यांचा एक बॉक्स, किंमत साडेतीन पौंड, उचलला म्हणून एका विद्यार्थ्याला सहा महिने. मला ती शिक्षा चुकीची वाटते, आजही. साडेतीन पौंडाच्या पाण्यासाठी सहा महिने देऊन टॉटनहॅमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

लॉस एंजेलिसचं उदाहरण मात्र जास्त अवघड आहे, ते त्यांच्यापुढे ठेव. २९ एप्रिल १९९२ ला चार पोलिसांना ज्युरीने सोडलं, एका काळ्या माणसाला रस्त्यात पाडून मारल्याचा व्हिडिओ सगळ्या जगाने बघितला होता तरी. शहर पेटलं, साठच्या वर माणसं मेली. राग होता पोलिसांवर आणि कोर्टावर, पण कोर्ट बसलं होतं लांब, शहराबाहेरच्या सिमी व्हॅलीत, आणि हाताशी होती कोरियन दुकानदारांची दुकानं. दोन हजारांहून जास्त कोरियन धंद्यांचं नुकसान झालं. त्या वस्त्यांत काळ्या लोकांचं आणि कोरियन दुकानदारांचं आधीपासून बरंच बिनसलेलं होतं, आदल्या वर्षी एका दुकानदारणीने पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला ज्यूसच्या बाटलीवरून गोळी घातली होती आणि तिला तुरुंगवाससुद्धा झाला नव्हता. म्हणून जमाव आंधळा होता असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं दुकान जळलं तो त्या ज्युरीचा निकाल बदलू शकत नव्हता. मागणी खरी, दार चुकलेलं. माझ्या मते आजच्या शहरांतल्या बऱ्याच दंगली या घरात बसतात. सुप्याच्या कुणब्याचा सावकार चार गल्ल्या पलीकडे राहायचा, त्याची वही हाताने ओढून घेता यायची. आज भाडं वाढवणारा, नोकरी घालवणारा, निकाल देणारा कुठे राहतो ते माणसाला माहीतच नसतं, मग जे दार दिसतं ते फुटतं.

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा) : मी ७२ वर्षांचा. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात आम्ही एम.एस. युनिव्हर्सिटीची मुलं रस्त्यावर होतो. नातू म्हणतो आजोबा तुम्ही दंगल केलीत. वाईट वाटलं. तुमचं मत?

उत्तर : काका, तुमचं वाईट वाटणं समजतं. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल.डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं तिथून हे सुरू झालं, तेल आणि धान्य इतकं महाग झालं होतं की मेसच्या बिलाचा राग घराघरातला राग निघाला. १० जानेवारीला अहमदाबाद आणि तुमच्या वडोदऱ्यात बंद झाला आणि त्यात दोन दिवस हिंसा झाली, हे तुम्ही बघितलंच असेल. पुढे गावोगाव कर्फ्यू, अहमदाबादेत लष्कर, गोळीबार, शंभराच्या आसपास माणसं गेली. ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली.

मागणी काय होती ते तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल, आणि ती मिळाल्यावर तुम्ही सगळे परत वर्गात गेलात. माझ्या लेखी ते आंदोलनच. पण नातवाला धान्याच्या दुकानांची लूट आणि जळलेल्या बसही सांगा, तुम्ही सांगितल्या नाहीत तर तो दुसरीकडून ऐकेल आणि मग बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाही. त्या लुटीच्या वेळी तुम्ही कुठे होता, कुणाला थांबवलंत का, थांबवता आलं नाही का, हे तुमच्या तोंडून ऐकणं त्याच्यासाठी मोलाचं आहे. जमलं तर लिहून आमच्याकडेही पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.

प्रश्न (रामबाग, इंदूर) : दादा, सून म्हणते आजकाल दंगली व्हॉट्सअॅपमुळे होतात, आधी बातमी पसरायलाच वेळ लागायचा म्हणून लोक शांत असायचे. हे खरं का?

उत्तर : मावशी, लोक शांत असायचे हे काही खरं नाही. १८५७ च्या सुरुवातीला गावोगाव चपात्या फिरत होत्या, रात्री एक चौकीदार येऊन चपाती द्यायचा आणि अशाच आणखी करून पुढच्या गावांना दे म्हणायचा, कशासाठी ते देणाऱ्यालाही माहीत नसायचं. त्याच सुमाराला पिठात हाडांची भुकटी मिसळली आहे, काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावली आहे या बातम्या तोंडोतोंडी हजारो मैल गेल्या. चरबीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती, पिठाची होती, पण पेटवायला दोन्ही सारख्याच उपयोगी पडल्या. फ्रान्समध्ये १७८९ च्या उन्हाळ्यात दरोडेखोरांच्या टोळ्या येताहेत अशी आवई उठली, टोळ्या कुठेच नव्हत्या, पण गावकरी कोयते-काठ्या घेऊन बाहेर पडले, आणि दरोडेखोर सापडेनात तेव्हा कित्येक गावांत जमीनदाराच्या गढीवर गेले आणि वेठीचे, देण्याचे जुने कागद जाळून टाकले. सुप्यासारखंच, शहाऐंशी वर्षं आधी. ४ ऑगस्टला व्हर्सायमधल्या राष्ट्रीय सभेने ते हक्कच रद्द केले.

सूनबाईंचं एवढं मात्र बरोबर आहे की वेग बदलला. लंडनच्या मुलांनी ब्लॅकबेरीवरून कुठे जमायचं ते ठरवलं, पोलीस पोचेपर्यंत मुलं पुढच्या चौकात. आधी अफवेला रात्र लागायची आणि त्या रात्रीत एखादा पाटील, एखादी म्हातारी, एखादा मुल्ला किंवा भटजी मध्ये पडू शकायचा. आता तेवढी रात्र मिळत नाही. म्हणून ग्रुपवर रक्ताचा फोटो आला की मावशी, तुम्ही आधी विचारा कुठला आहे, कधीचा आहे, आणि उत्तर येईपर्यंत पुढे पाठवू नका, कितीही ओळखीच्या माणसाने पाठवला असला तरी. कितीतरी वेळा फोटो भलत्याच गावचा, भलत्याच वर्षाचा निघतो.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर) : नात सातवीत आहे, शाळेचा प्रोजेक्ट आहे '१८५७ आणि आपलं शहर'. तिला एका सकाळीत काय काय दाखवू?

उत्तर : रेसिडेन्सीच्या भागातून सुरुवात करा. मग जवळच एम.वाय. हॉस्पिटलच्या आवारात जा, तिथे ते कडुलिंबाचं झाड विचारा, अमझेऱ्याच्या राजा बख्तावरसिंहांना १० फेब्रुवारी १८५८ ला तिथे फाशी दिलं. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक डबे उघडून बसलेले असतात, त्यांच्यापैकी एखाद्याला तिला विचारू द्या की हे झाड कशाचं आहे, प्रोजेक्टमध्ये ते उत्तर जसंच्या तसं लिहू द्या.

शेवटी राजवाडा. १८५७ ला जे आसऱ्याला आले होते आणि ज्यांना बाहेर दिलं नाही ती गोष्ट तिथे दारात उभं राहून सांगा. मग तिला मजले मोजायला लावा, दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठून सुरू होतं ते तिचं तिला दिसेल. मागच्या बाजूला जुनं कुठलं आणि जीर्णोद्धारात नवं केलेलं कुठलं ते विचारलंच तर १९८४ पण सांगा, सातवीतल्या मुलीला ते झेपतं, मी नववीत होतो.

सकाळी लवकर निघा, नंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.